चाकणच्या पश्चिमेचे अरण्य: भीमाशंकरचे वन्यजीव आणि भटकंती

भीमाशंकर अभयारण्य सह्याद्रीच्या ऐन धारेवर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर; अभयारण्याचा दर्जा १९८५ चा. घाटमाथ्यावरचा भाग खेड आणि आंबेगाव तालुक्यांत येतो, कड्याखालचा मुरबाड आणि कर्जत तालुक्यांत. खेड हा चाकणचाही तालुका आहे. मोटारी जुळवणारे कारखाने आणि शेकरूची घरटी एकाच तहसील कचेरीच्या हद्दीत मोडतात आणि त्यांच्यात रस्त्याने दोन-अडीच तासांचेच अंतर आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात कामाला असलेल्या लाखो माणसांसाठी खरे जंगल म्हणावे असे जवळचे सरकारी वन हे. या जंगलात काय आहे, तिथे कोण कशासाठी जाते आणि त्या जाण्यायेण्याचा जंगलावर काय परिणाम होतो, हे तिन्ही प्रश्न सुटे पाहिले तर त्यांतला एकही नीट उलगडत नाही.

चाकणच्या पठारावर वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला वाडा गावाच्या पुढे गेले की दर काही कोसांवर तो वाढत जातो आणि घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. माळरान, मग भातखाचरे, मग झाडी असा क्रम गाडीच्या खिडकीतूनही दिसतो. माथ्याची उंची सुमारे हजार मीटर आहे आणि पश्चिमेला कडा एकदम कोकणात तुटतो. जांभ्याचे आणि काळ्या बसाल्टचे उघडे सडे, त्यांना लागून दाट निमसदाहरित वन आणि उतारांवर कारवीची जाळी असे इथले सर्वसाधारण रूप आहे. जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा, पिसा, पारजांभूळ आणि उंबर ही इथली नेहमीची झाडे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. तिच्या काठ्यांचे कूड गावोगाव अजून पाहायला मिळतात.

हे अभयारण्य प्रामुख्याने शेकरूसाठी राखले गेले. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार. वजन दीड ते दोन किलो, तांबूस तपकिरी पाठ, फिकट पिवळसर पोट आणि टोकाला पांढुरकी होत जाणारी, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ मध्ये या प्रकाराचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला दिले. आज शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. फळे, फुले, बिया, साल आणि कोवळी पाने हे त्याचे खाणे. सकाळी आणि उतरत्या उन्हात तो हिंडतो, दुपारी फांदीवर आडवा पडून राहतो. काटक्या आणि पाने रचून केलेली त्याची गोल घरटी बारीक फांद्यांच्या टोकांकडे असतात, म्हणजे जड शिकारी तिथवर पोहोचत नाही. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो आणि आलटून पालटून वापरतो. त्यामुळे नुसती घरटी मोजून प्राण्यांची संख्या सांगता येत नाही. मोजणीच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवणे बरे.

शेकरूच्या जगण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरची उडी तो सहज घेतो, पण त्यासाठी दोन झाडांचे शेंडे एकमेकांच्या आवाक्यात असावे लागतात. जंगलाचे क्षेत्र कागदावर तेवढेच राहिले आणि मध्ये वीसेक मीटरची मोकळी पट्टी आली, तर शेकरूच्या दृष्टीने एका जंगलाची दोन जंगले होतात. रस्ता रुंद करणे, वाहनतळासाठी कडेची झाडे काढणे, विजेच्या तारांसाठी फांद्या छाटणे या गोष्टी किरकोळ वाटतात. इथे त्या किरकोळ नाहीत. भीमाशंकरविषयीच्या वादांत एकूण किती झाडे तोडली यावर बोलणे फार होते. कुठली झाडे तोडली हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो.

शेकरूखेरीज सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर, वानर, बिबट्या आणि तरस या जंगलात आहेत. पिसोरी हे सशाएवढे हरीण आणि खवले मांजर हे दोन्ही निशाचर असल्याने क्वचितच दिसतात. पक्ष्यांमध्ये शीळकरी कस्तूर, स्वर्गीय नर्तक, राखी रानकोंबडा आणि हरियाल ही नावे प्रथम घ्यावी लागतील. पावसाच्या तोंडावर पहाटे ओढ्याकाठी कस्तुराची शीळ ऐकली, तर माणूस शीळ घालत चालला आहे असेच वाटते. पाऊस सुरू झाला की बेडूक, खेकडे आणि झुडपांवर बसणारा हिरवा चापडा यांचे दिवस येतात. चापडा विषारी आहे आणि हलत नाही, म्हणून पायवाटेच्या कडेच्या फांद्यांना हात घालताना जपावे लागते. वाघ इथे वस्तीला नाही. ताडोबाच्या सवयीने जिप्सी, पाणवठा आणि वाघ अशी अपेक्षा घेऊन येणाऱ्याला भीमाशंकर निराश करते. हे पायी हिंडण्याचे, मान वर करून आणि आवाज न करता पाहण्याचे जंगल आहे.

अभयारण्याच्या आत आणि काठाला महादेव कोळी समाजाची गावे आहेत: आहुपे, कोंढवळ, भोरगिरी, येळवली, निगडाळे, राजपूर अशी. भातशेती, नाचणी-वरईची उतारावरची शेती, गुरे आणि वनोपज यांवर ती चालतात. वनोपजात हिरड्याचे स्थान पहिले. कोवळेपणीच गोळा करून वाळवलेला बाळहिरडा औषधांसाठी आणि कातडी कमावण्यासाठी बाजारात जातो आणि अनेक घरांना वर्षातला रोख पैसा त्यातूनच मिळतो. त्यामुळे हिरड्याचे झाड गावकरी तोडत नाहीत. दुसरे राखलेले वन म्हणजे देवराई. आहुप्याची भैरवनाथाची देवराई यांतली विशेष प्रसिद्ध. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे वन कमी झाल्यावरही या तुकड्यांत जुनी झाडे कशी टिकली हे अभ्यासकांच्या नजरेस आले. १९८५ पूर्वी कितीतरी आधीपासून इथे संरक्षण होते आणि ते करणारी माणसे इथलीच होती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

अभयारण्य झाल्यावर या गावांवर निर्बंध आले. चराई, लाकूडफाटा, घराची दुरुस्ती, रस्ता, वीज अशा प्रत्येक गोष्टीला परवानगी लागू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्काचा दावा करण्याची वाट दिली. येळवलीसारख्या गावात कल्पवृक्ष या संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी स्वतः चालवायच्या निसर्ग पर्यटनाचा प्रयोग झाला. वाटाड्या गावचा, जेवण गावच्या घरातले आणि कुठे जायचे, कुठे नाही हेही गावानेच ठरवायचे, अशी त्याची कल्पना. आकाराने प्रयोग लहान आहे, पण बाहेरच्या आयोजकाने बसभर माणसे आणून गावच्या अंगणात केवळ गाड्या लावण्यापेक्षा तो निराळा आहे, आणि चांगलाही.

येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट यात्रेकरूंचा. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि भीमा नदीचे उगमस्थान. शिखराचे बांधकाम नाना फडणवीसांचे मानले जाते, आणि आवारातली मोठी पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणल्याचे सांगतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी गर्दी उसळते. ही सारी गर्दी मंचर-घोडेगाव आणि राजगुरुनगर-वाडा या दोन रस्त्यांवर, पायऱ्यांवर आणि मंदिराच्या आवारात दाटते. यात्रेकरू जंगलात शिरत नाही, त्यामुळे त्याचा त्रास जंगलाला नाही, असे कधीकधी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्लॅस्टिक, सांडपाणी, भोंग्यांचा आवाज आणि रस्ता रुंद करण्याची मागणी हे सारे याच चिंचोळ्या पट्ट्यातून येते, आणि शेकरूची मोठी झाडे याच पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आहेत.

दुसरा गट गिर्यारोहक आणि भटक्यांचा. चाकण-तळेगावच्या पट्ट्याला डोंगर हिंडण्याची परंपरा आहे. दुर्गप्रेमाचे वेड दोन पिढ्यांना लावणारे गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यातच राहत होते. भीमाशंकरला पायी पोहोचण्याच्या वाटा बहुतेक जुन्या घाटवाटा आहेत. कोकणातून येणारा कर्जतजवळच्या खांडस गावी उतरतो आणि दोन वाटांपैकी एक निवडतो. गणेश घाट लांब पण सोपा आहे. शिडी घाट जवळचा, मात्र कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांचा आणि पावसात निसरडा; अपघातांच्या बातम्यांत नाव येते ते याच घाटाचे. बाजूलाच पदरगडाचे सुळके दिसतात. देशावरून यायचे तर भोरगिरीची वाट सर्वांत सुखाची. भोरगडाच्या पायथ्याचे कोटेश्वराचे देऊळ पाहून भीमेच्या काठाने, गुप्त भीमाशंकरावरून, जंगलातून चढत देवळाशी पोहोचता येते. चाकण-भोसरीच्या कामगाराला खांडसपेक्षा ही वाट कितीतरी जवळची, तरी नाव मात्र खांडसचे अधिक. मुंबईकरांनी लिहिलेल्या भटकंतीचा हा परिणाम असावा.

उत्तरेला आहुपे घाट मुरबाडच्या बाजूला उतरतो. त्याच्या परिसरात गोरखगड, मच्छिंद्रगड आणि सिद्धगड आहेत. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. अभयारण्यातल्या पायवाटांवर यात्रेकरू आणि शेतकऱ्यांबरोबर भूमिगतांचीही पावले उमटलेली आहेत.

तिसरा गट पावसाळी सहलींचा. तो अलीकडे फार वाढला, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी विचार झाला आहे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तर कचेऱ्या आणि शाळांची रविवारी. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून दोन दिवस दुचाक्यांचे तांडे धबधब्यांकडे निघतात. सर्वांत जवळचे लोणावळा आणि मावळ आधी भरतात. तिथे काय होते ते दोन घटनांवरून कळते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, वर पर्यटकांची गर्दी असताना, कोसळला आणि चौघे मृत्युमुखी पडले. अशा घटनांनंतर जिल्हा प्रशासन बंदी घालते. मग गर्दी पुढच्या खोऱ्यात सरकते आणि त्या पुढच्या खोऱ्यांत भीमाशंकर आहे. वनविभागही अलीकडच्या पावसाळ्यांत कोंढवळचा धबधबा आणि खांडसच्या वाटांसारखी धोक्याची ठिकाणे सप्टेंबरअखेरपर्यंत बंद ठेवू लागला आहे.

डोंगरच अस्थिर असल्याने या बंदीला नुसता कागदी आदेश म्हणून झटकता येत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यापासून फार लांब नसलेले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मेली. अतिवृष्टीत भिजलेली मुरमाड माती बसाल्टवरून घसरते, हे त्यामागचे मूळ कारण. उतारांवरची तोड आणि सपाटीकरण यांनी त्यात भर घातली का, यावर पुष्कळ चर्चा झाली. बंदीत दोष आहे तो वेगळाच. ती सर्वांना सारखी लागते. गावच्या वाटाड्याबरोबर आठ-दहाजणांनी चालणे आणि धबधब्याखाली ध्वनिवर्धक लावून शंभरजणांनी नाचणे यांत तिला फरक करता येत नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घातल्या. पण दुचाकीवरून स्वतःहून येणारा कुठल्याच आयोजकाच्या यादीत नसतो.

रात्रीच्या दोन गोष्टींनी नवी गर्दी आणली आहे. पहिली काजव्यांची. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरींनंतर, काही झाडे काजव्यांनी लखलखतात. नर उजेड देतात तो मादीला हाक घालण्यासाठी. विजेरीचा किंवा गाडीच्या दिव्याचा झोत पडला की ती हाक हरवते. प्रौढ काजवा थोडे आठवडेच जगतो, पण त्याची अळी बराच काळ ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढते, म्हणून झाडाखालची तुडवलेली जमीन हे पुढच्या वर्षांचे नुकसान. दुसरी गोष्ट अधिक अपूर्व आहे. भर पावसाळ्यात कुजत्या लाकडावर वाढणारी काही बुरशी अंधारात हिरवट प्रकाश देते. पेशींतल्या एका रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हा थंड उजेड निघतो. त्याला दमट हवा, पडलेले लाकूड आणि पुरता काळोख लागतो. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय तो दिसतही नाही, आणि छायाचित्रांत दिसतो तितका झगझगीत तर मुळीच नसतो. अभयारण्यात रात्री विनापरवाना हिंडणे बेकायदा आहे. तरीही ‘चमकते जंगल’ दाखवण्याच्या जाहिराती थांबलेल्या नाहीत. चमकणारे लाकूड उचलून घरी नेणारे महाभागही आहेत. वाळले की ते विझते.

कायद्याची चौकट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची. अभयारण्यात प्रवेश परवानगीने, ठरावीक कारणांसाठी: अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, किंवा तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर कामकाज. शिकार, विस्तव, शस्त्र, कचरा आणि प्राण्यांना त्रास यांना मनाई. भीमाशंकरला मात्र या चौकटीची पंचाईत होते, कारण देऊळ अभयारण्याने वेढलेले आहे आणि देवदर्शनाला येणाऱ्याला परवाना विचारणे कुणालाही शक्य नाही. साताऱ्याच्या कास पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी अमलात आली, कारण तिथे फुलांखेरीज दुसरे कारण घेऊन कोणी येत नाही. कासचा नमुना इथे उचलून ठेवण्याच्या सूचना अधूनमधून होतात. ज्योतिर्लिंगाच्या दारात त्या टिकणार नाहीत.

अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा दाबही मोजला पाहिजे. खेड तालुक्यात अभयारण्यालगतच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची दखल घेतली: चढावर काढलेले निकृष्ट रस्ते, त्यांतून झालेली झाडतोड आणि धूप, शेतांत आणि जलाशयांत उतरणारा राडारोडा, आणि स्थानिकांना डोंगरावर जाण्यास होणारा अटकाव. याच डोंगरांत भामा नदी उगम पावते. भामा-आसखेड धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी दिवसाला १६.७ कोटी लिटर पाण्याचा कोटा मंजूर आहे. उद्योगनगरीचे या घाटमाथ्याशी असलेले नाते त्यामुळे सुटीच्या सहलीपुरते उरत नाही.

बिबट्याने तर हद्द केव्हाच ओलांडली आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत कालव्यांमागोमाग ऊस आला आणि उसात बिबट्याला आडोसा, कुत्री, शेळ्या आणि पिल्ले वाढवायला जागा मिळाली. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात हल्ले वाढले, तेव्हा शंभराहून अधिक बिबटे पकडून पुष्कळसे दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे निघाले की या स्थलांतराने हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर ठिकाणावर राहत नाही आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र चालते. मार्च २०२२ मध्ये चाकणजवळच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला, काम थांबले आणि त्याला बेशुद्ध करून बाहेर काढावे लागले. अभयारण्यात दिवसभर हिंडून ज्याला बिबट्या दिसला नाही, त्याला तो पाळी संपवून घरी जाताना उसाच्या कडेला दिसण्याचा संभव अधिक आहे.

व्यवस्थापनापुढचे उपाय मोजकेच आहेत आणि त्यांत सर्वांत फलदायी वाहनांचा. अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानात २००० पासून गर्दीच्या मोसमात मुख्य दरीत खासगी मोटारींना मज्जाव आहे. सर्वांनी उद्यानाच्या बसने जायचे. भीमाशंकरला यासारखी सोय आधीच अस्तित्वात आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या गर्दीला खासगी वाहने निगडाळ्याच्या आसपास थांबवून पुढे एसटीच्या बसने नेले जाते. ही सोय वर्षभर चालवली तर वर वाहनतळ वाढवण्याची आणि रस्ता रुंदावण्याची गरजच कमी होते. रस्त्यावरच्या कमानीसारख्या जुळलेल्या फांद्या राहतात, आणि खाली गाड्या थांबत असल्याने चहा, जेवण, वाटाड्या, मुक्काम यांचा पैसाही वरच्या दुकानांऐवजी गावांत पडतो. विरोध अपेक्षित आहे तो देवळाशेजारच्या दुकानदारांचा आणि थेट पायऱ्यांपर्यंत गाडी नेण्याची सवय लागलेल्या भाविकांचा. वृद्ध आणि अपंगांसाठी वेगळी सोय करावी लागेल, आणि भर पावसात धुक्यात बस वेळेवर सुटतील याची हमीही. सध्या मात्र सणांची गर्दी ओसरली की अडथळे उचलले जातात आणि पुढल्या रविवारी मोटारींची रांग पुन्हा वरपर्यंत जाते.